पक्वतेचे शब्द
(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)



वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली. माझा व्यवसाय भाषाशिक्षकाचा. शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. शब्दांची कुळे व त्यांची नातीगोती पाहणे एवढेच माझे काम. तेव्हा आज शब्दांविषयीच बोलावे असे मी ठरविले, आणि विषय शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. तो 'वर्धापन' या शब्दापाशीच उभा होता. वर्धापनात 'वृध्' हा धातू आहे आणि त्याचा अर्थ वाढणे असा आहे. संस्था वाढते, भक्तपरिवार वाढतो, वर्षे वाढतात. परंतु वाढणे आणि पिकणे यांत अंतर आहे. दुधी भोपळा वेलीवर वाढतच राहिला तर तो निबर होतो, त्याची भाजी होत नाही. उलट आंबा एका मर्यादेपर्यंत वाढतो, वाढणे थांबवितो, आणि मगच पिकू लागतो. म्हणून आजच्या दिवशी वाढीचे अभिनंदन करीत असतानाच पक्वतेचाही विचार करावा, आणि तो आपल्या परिसरात नांदणाऱ्या भाषांच्या शब्दांतून करावा, अशी माझी इच्छा आहे.

या विचारास आपली मुधोळची भूमी फार अनुकूल आहे. इ. स. १९५६ पूर्वी हा तालुका हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात होता. त्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्याबरोबर आंध्र प्रदेशात गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली निर्मळ हा वेगळा जिल्हा झाला. सीमा हलल्या, पण घराघरांतील बोलणे जागच्या जागी राहिले. येथील माणूस मराठीत स्वप्न पाहतो, तेलुगूत बाजार करतो, जुन्या दस्तऐवजांत फारसी-उर्दूचे शब्द वाचतो, आणि आपल्या मुलास इंग्रजी शाळेत घालतो. या चार भाषांनी पिकण्याकडे कसे पाहिले आहे ते पाहू.

आरंभ शेतापासूनच करणे उचित होईल. ज्वारीचे कणीस बाहेर पडते. दाण्यात प्रथम दुधासारखा चीक असतो. चीक घट्ट होऊ लागला की हुरडा येतो. मग दाणा भरतो, टणक होतो. कृषिशास्त्रज्ञ सांगतात की दाण्याच्या बुडाशी बारीक काळा ठिपका दिसू लागला म्हणजे रोपाने दाण्यास अन्न पुरविणे थांबविले, दाणा पूर्णत्वास गेला असे समजावे. या सर्व प्रवासाला आपण एकच क्रियापद वापरतो : पिकणे. आणि त्या क्रियेच्या अंती जे हाती येते त्याला म्हणतो : पीक. जे पिकते ते पीक; इतके सरळ हे नाते आहे.

आता तेलुगूकडे वळू. तेलुगूत 'पंडु' म्हणजे पिकणे, आणि 'पंडु' म्हणजेच पिकलेले फळ. त्याच धातूपासून 'पंट' हा शब्द झाला. त्याचा अर्थ पीक. कच्च्या फळाला तेथे वेगळे नाव आहे : 'काय'. झाडावरची कैरी ती 'मामिडिकाय' आणि पिकलेला आंबा तो 'मामिडिपंडु'. आपण केस पिकले म्हणतो, वृद्धास पिकले पान म्हणतो. तेलुगू माणूस अनुभवी पुरुषास 'तल पंडिन' म्हणजे ज्याचे डोके पिकले आहे असा म्हणतो. लक्षात घ्या, 'पिकणे' आणि 'पंडु' या शब्दांची कुळे अगदी भिन्न आहेत. एक संस्कृतातून आला, दुसरा द्राविड भाषांच्या मूळ संपत्तीतला. कानडीतील 'हण्णु' हा त्याचाच भाऊ. शब्द कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही, तरी पिकण्यावरून पीक आणि पिकण्यावरून अनुभव हे दोन्ही विचार दोन्हीकडे सारखेच उमलले. एकाच काळ्या जमिनीत राबणाऱ्या दोन शेतकऱ्यांना एकच गोष्ट दिसली, एवढाच याचा अर्थ.

इंग्रजीचे काय? तेथे पिकलेल्या फळाला 'राइप' म्हणतात. हा जुना जर्मानिक शब्द आहे. जर्मन भाषेतील 'राइफ' त्याचाच सख्खा. विद्वान त्याचा संबंध 'रीप' या शब्दाशी, म्हणजे कापणी करण्याशी जोडतात. जे कापणीला आले ते राइप. म्हणजे तेथेही पिकणे आणि पीक यांची गाठ आहे. परंतु आपला शब्द दाण्याच्या आत काय घडले ते सांगतो, आणि इंग्रजी शब्द विळा हाती घेतलेल्या माणसाच्या बाजूने बोलतो. दाणा केव्हा झाला हे एक पाहतो, तो केव्हा घ्यावा हे दुसरा पाहतो. हे दोन दृष्टिकोन आपण मनात ठेवू. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

आपल्या 'पिकणे' या शब्दाचे मूळ मोठे रम्य आहे. संस्कृतातील 'पच्' धातू म्हणजे शिजविणे. त्याचे 'पक्व' हे रूप. बाराव्या शतकातील जैन वैयाकरण हेमचंद्र याने आपल्या व्याकरणात प्राकृत भाषांचे नियम सांगितले, तेथे एका सूत्रात त्याने तीन शब्द एकत्र गुंफले आहेत : पक्व, अंगार आणि ललाट. या तिघांत आरंभीच्या 'अ'चा विकल्पाने 'इ' होतो असे तो सांगतो. पक्वचे 'पिक्क', अंगारचे 'इंगाल', ललाटचे 'णिडाल'. आणि नवल असे की ही तिन्ही रूपे मराठीने जिवापाड जपली. पिक्कपासून आपले पिकणे व पीक, इंगालपासून इंगळ म्हणजे निखारा, आणि णिडालपासून निढळ म्हणजे कपाळ. निढळाचा घाम गाळावा, इंगळासारखे ऊन सोसावे, तेव्हा पीक हाती येते. वैयाकरणाने केवळ ध्वनिनियमासाठी एकत्र आणलेले हे तीन शब्द आमच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात रोजच एकत्र नांदतात.

पिकणे म्हणजे मुळात शिजणे, हा विचार या 'पच्' कुळात सर्वत्र पसरला आहे. पाक, पाककला, पक्वान्न हे शब्द चुलीपाशी आहेत. पचन हे पोटातील चुलीपाशी आहे. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत वैश्वानर अग्नी होऊन चतुर्विध अन्न पचवितो असे म्हटले आहे, तेथे हाच धातू आहे. विपाक हा शब्द कर्माच्या फळापाशी आहे. योगसूत्रांत, बौद्ध ग्रंथांत आणि जैनांच्या आगमांत तो सारख्याच गांभीर्याने येतो. महाभारतातील यक्षप्रश्नात युधिष्ठिर जगाची वार्ता सांगतो ती हीच, की काळ हा भूतमात्रांना मोठ्या कढईत शिजवीत आहे.

याच कुळातील एक शब्द आपल्याकडे फारसीच्या दारातून आला. 'पोक्त माणूस', 'पोक्त विचार' असे आपण म्हणतो. फारसीत 'पुख्तन' म्हणजे शिजविणे आणि 'पुख्ता' म्हणजे शिजलेला, पक्का. फारसी आणि संस्कृत या बहिणी; त्यामुळे पक्व आणि पोक्त हे मावसभाऊ ठरतात. एक देवळाच्या दाराने घरात आला, दुसरा कचेरीच्या दाराने, आणि दोघेही मराठीच्या माजघरात शेजारी बसले.

आणखी एक भाऊ युरोपात गेला. लॅटिनमध्ये शिजविणे या अर्थाचे जे क्रियापद आहे, 'कोक्वेरे', तेही त्याच आद्य धातूचे रूप होय. आरंभीच्या 'प'चा तेथे 'क' झाला. त्यापासून इंग्रजीतील 'कुक' आणि 'किचन' हे शब्द आले. बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेले. ग्रीकांनी मूळचा 'प' तसाच ठेवला. अजीर्णाला डॉक्टर 'डिस्पेप्सिया' म्हणतात त्यात तोच धातू आहे, आणि ग्रीकांचा 'पेपोन' म्हणजे उन्हात पिकलेला, त्या शब्दाचे रूप बदलत बदलत इंग्रजीत 'पम्पकिन' म्हणजे भोपळा झाला.

या कुळातील एक शब्द मला फार बोलका वाटतो. वयाच्या मानाने लवकर शहाण्या झालेल्या मुलास इंग्रजीत 'प्रिकोशस' म्हणतात. त्याचा लॅटिन अर्थ 'आधीच शिजलेला' किंवा 'वेळेपूर्वी पिकलेला'. रोमन लोक जर्दाळूच्या फळालाही हेच नाव देत, कारण ते इतर फळांच्या आधी पिकते. ते नाव ग्रीकांकडे गेले, तेथून अरबांकडे, अरबांकडून स्पेन-पोर्तुगालात, आणि शेवटी इंग्रजीत 'ॲप्रिकॉट' होऊन बसले. एकच शब्द : फळाच्या बाबतीत ते त्याचे वैशिष्ट्य, मुलाच्या बाबतीत मात्र त्यात कौतुकाबरोबर थोडी काळजीही मिसळलेली. फळ लवकर पिकले तर गोडच लागते. बालपण लवकर पिकले तर काहीतरी हरवते.

आता अग्नीकडून काळाकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांनी आयुर्विम्याची पॉलिसी घेतली असेल. तिची मुदत भरली म्हणजे ती 'मॅच्युअर' झाली असे आपण सहज म्हणतो. हा शब्द लॅटिनमधील 'मातूरुस' वरून आला. त्याचा अर्थ पिकलेला, आणि त्याहून मूळचा अर्थ वेळेवर आलेला. प्रातःकाळाला लॅटिनमध्ये 'माने' म्हणतात आणि रोमन लोकांच्या उषादेवीचे नाव 'मातूता'. हे शब्द एकाच कुळातले मानले जातात. सूर्य ज्याप्रमाणे आपल्या वेळेला येतो, आधी नाही आणि नंतर नाही, तसे जे आपल्या वेळेला आले ते मॅच्युअर. संस्कृताने पक्वतेत अग्नी पाहिला, लॅटिनने त्यात पहाट पाहिली.

फळबागांचे शास्त्र जाणणारे इंग्रजीतील या दोन शब्दांत, म्हणजे मॅच्युअर आणि राइप यांत, काटेकोर भेद करतात. आणि तो भेद आपल्या आंबेवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. झाडावर आंबा हिरवाच असतो, कठीण असतो, पण त्याचे खांदे भरतात, देठाजवळ खळगा पडतो, पाण्यात टाकला तर तो बुडतो. अशा आंब्याला आपण 'तयार' म्हणतो, तो मॅच्युअर. तो अजून पिकलेला नाही. तो उतरवून आढीत घातला, गवतात निजविला, की तेथे पिकतो, सुगंध सुटतो. तेव्हा तो राइप. कोकणातील बागाईतदार यासाठी जुन्या नाण्यांची भाषा वापरतात. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवावा असे ते म्हणतात. रुपयातील चौदा आणे झाडाने द्यायचे, उरलेले दोन आणे आढीने.

परंतु जो आंबा आठ-दहा आण्यांवरच तोडला त्याचे काय होते? तो आढीत सुरकुततो, आंबट राहतो, कुजतो. त्याला पिकणे म्हणून ठाऊक नसते. बाजारात त्याला घाईने रंग आणण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडची पूड वापरीत आले आहेत. भारतात अन्नसुरक्षेच्या नियमांनी तिला बंदी आहे, कारण तीत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात. त्या धुरीने साल पिवळी होते आणि आतला गर हिरवाच राहतो. वरून पिकलेले आणि आतून कच्चे, अशी ही लबाडी. आढीचा मार्ग वेगळा आहे. पिकू लागलेले फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडते. गवताच्या उबेत तो कोंडला जातो आणि शेजारच्या फळालाही पिकण्याची प्रेरणा देतो. म्हणूनच जाणत्या बाया आढीत एखादे पिकू लागलेले फळ मुद्दाम ठेवतात. सत्संगाचा महिमा याहून सोप्या दृष्टान्ताने सांगता येईल असे मला वाटत नाही. मात्र त्यातली अट विसरू नये : शेजारी कितीही पिकलेला असला तरी जो तयार नाही त्याला तो पिकवू शकत नाही. आणि द्राक्ष, डाळिंब, लिंबू यांसारखी फळे तर तोडल्यानंतर गोड होतच नाहीत. त्यांना सोळाही आणे झाडावरच मिळवावे लागतात. प्रत्येक फळाचा धर्म वेगळा.

आढीसारखाच एक दुसरा सहवास आहे, त्याला आपण मुरणे म्हणतो. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, गवई रागदारीत मुरतो. शिजण्यात अग्नी आहे. मुरण्यात अग्नी नाही, केवळ काळ आणि सहवास आहे. तेलुगूत लोणच्याला 'ऊरगाय' म्हणतात. 'ऊरु' म्हणजे मुरणे आणि 'काय' म्हणजे कच्चे फळ. मुरलेल्या माणसाला आपण मुरब्बीही म्हणतो आणि साखरेत मुरलेल्या कैरीला मुरंबा. मुरंबा म्हणजे मुरलेला आंबा असे कोणासही वाटेल, आणि मराठी कानाने तसे ऐकले म्हणूनच त्याचे हे रूप रुळले असावे. पण मुरब्बा व मुरब्बी हे दोन्ही शब्द अरबीतले. वाढविणे, संगोपन करणे हा त्यांच्या धातूचा अर्थ. ज्याचे संगोपन झाले तो मुरब्बा, आणि जो संगोपन करतो तो मुरब्बी. फळाला साखर जे करते, तेच शिष्याला गुरू करतो असे त्या भाषेने मानले.

येथपर्यंत आपण शब्दांची वंशावळ पाहिली. परंतु नुसती वंशावळ ऐकून घरी जाण्यात अर्थ नाही. पक्वता ओळखावी कशी, आणि ओळखल्यावर करावे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला एका वैद्याच्या ग्रंथात सापडले. आपण म्हणतो, गळू पिकले. इंग्रजी वैद्यकातही 'मॅच्युरेशन' हा शब्द पू धरण्याच्या अर्थी वापरीत असत. सुश्रुताने आपल्या संहितेच्या सूत्रस्थानात सतराव्या अध्यायाला नावच 'आमपक्वैषणीय' असे दिले आहे. आम म्हणजे कच्चे आणि पक्व म्हणजे पिकलेले, यांचा शोध घेण्याचा तो अध्याय. हा 'आम' आपल्या आमांशात व आमवातात अजून जिवंत आहे. सूज कच्ची आहे, पिकते आहे, की पिकली आहे, याची लक्षणे त्याने सांगितली, आणि मग एक कठोर निवाडा दिला. अज्ञानाने जो कच्चे गळू कापतो तो वैद्य, आणि पिकलेल्याची जो उपेक्षा करतो तो वैद्य, हे दोघेही त्याने सारखेच निंद्य ठरविले. घाई हा दोष आहे हे आपण सर्व जाणतो. दिरंगाई हा तेवढाच मोठा दोष आहे, हे सुश्रुताने सांगितले.

सज्जनहो, हे दोन्ही दोष आज आपल्या घरांत आहेत. म्हणूनच हा विषय मी येथे मांडला.

पहिला दोष घाईचा. येथून जवळच गोदावरीकाठी बासरला सरस्वतीचे मंदिर आहे. दूरदूरचे लोक आपल्या लेकरांना अक्षराभ्यासासाठी तेथे आणतात. पाटीवर पहिले अक्षर गिरविणारी ती कोवळी बोटे पाहिली की मन भरून येते. पण त्या मंगल संस्कारानंतर पुष्कळ घरांत काय होते? लेकराची मायबोली अजून चिकातच असते. तिच्यात गोष्ट सांगणे, भांडणे, विनवणे, प्रश्न विचारणे त्याला पुरते आलेले नसते. तोच आईबाप घरातही तिला मज्जाव करतात, इंग्रजीच बोल म्हणतात. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. मी आयुष्यभर भाषाच शिकविल्या. तेलुगू येथे आलीच पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. माझे म्हणणे आंब्याचे आहे. ज्या मुलाची मायबोली चौदा आणे तयार झाली, ते कोणत्याही भाषेच्या आढीत घाला, पिकेल. हैदराबादेस पाठवा, पुण्यास पाठवा, समुद्रापार पाठवा. तेथील गवत त्याला परके वाटणार नाही. परंतु जे आठ आण्यांवरच खुडले, त्याला वरून कितीही पिवळा रंग चढविला तरी आतला गर हिरवा राहतो. ते मूल दोन्ही भाषांत वाक्ये पाठ म्हणते आणि मनातले मात्र एकाही भाषेत सांगू शकत नाही. सीमेवरच्या गावाला हा धोका अधिक आहे, कारण येथे भाषा पुष्कळ आणि प्रत्येकीला वेळ थोडा. दोन भाषांत निघणारा आपला हा स्मरणग्रंथ त्या दृष्टीने मला शुभशकुन वाटतो. दोन भाषा एका बांधणीत शेजारी निजल्या आहेत. आढीतही फळे अशीच निजतात.

या संदर्भात गोरोबाकाकांची कथा आठवावी. संतमंडळी जमली असता, यातली कोणती मडकी पक्की आणि कोणती कच्ची ते पाहा, असे मुक्ताबाईने म्हटले; आणि तेरच्या त्या कुंभाराने थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले. नामदेव चिडले, आणि मडके कच्चे ठरले. ही कथा आपण नामदेवांच्या फजितीची म्हणून ऐकतो. वास्तविक ती पक्वतेच्या शास्त्राची कथा आहे. कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही. ते आव्यात घालतो. नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, तेथे त्यांना तो अग्नी भेटला, आणि तेच मडके पुढे पंजाबपर्यंत नामाचे पाणी वाहून नेण्याइतके पक्के झाले. कच्चा हा शब्द तेथे शिवी नव्हता. ते निदान होते.

मडके आव्यात असताना त्याच्या आत काय घडते, यावर आपल्या नैयायिकांनी व वैशेषिकांनी मोठा वाद घातला आहे. काळसर मातीचे मडके भाजल्यावर तांबडे होते, हा पाक. वैशेषिक म्हणाले, अग्नीने मडके परमाणूंपर्यंत विघटते, परमाणूंचा रंग पालटतो, आणि ते पुन्हा जुळून नवे मडके होते. त्याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणाले, तसे काही होत नाही. मडक्यात सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून अग्नी आत शिरतो आणि मडके मोडल्याविनाच सबंध पालटते. तो पिठरपाक. पदार्थविज्ञानाचा निर्णय काहीही असो, माणसांच्या बाबतीत दोन्ही पक्ष खरे आहेत. काही माणसे दुःखाने कणाकणाने मोडतात आणि नव्याने जुळून पक्की होतात. काहींच्या अंगाला तडाही जात नाही, मंद आचेवर वर्षानुवर्षे राहून ती अंतर्बाह्य पालटतात. कोणाचा पाक कसा व्हावा हे आपण ठरवू नये. आपण आवा विझू देऊ नये एवढेच आपल्या हाती आहे. मठ हा असा आवा असतो.

दुसरा दोष दिरंगाईचा, पिकलेल्याची उपेक्षा. तो वडीलधाऱ्यांनी मनावर घ्यावा म्हणून मी नम्रतेने सांगतो. महाराष्ट्राशी कुळाचे नाते असलेल्या राजशेखराने इ. स. ९०० च्या सुमारास 'काव्यमीमांसा' लिहिली. तीत काव्याच्या परिपाकाचे नऊ प्रकार सांगताना त्याने नऊ फळांची नावे घेतली आहेत. आरंभी साधारण आणि अंती मधुर तो आम्रपाक; आरंभापासून अंतापर्यंत मधुर तो नारिकेलपाक; पण आरंभी साधारण आणि अंती बेचव होणारा तो वार्ताकपाक, म्हणजे वांग्यासारखा. वांगे वेळेवर तोडले नाही की त्यात बिया भरतात आणि ते कडवट होते. आयुष्याच्या अंती आपले वांगे होऊ नये यासाठी वेळेवर हातचे सोडता आले पाहिजे. मुलगा तयार झाला तरी किल्ल्या कमरेलाच ठेवणारा बाप, शिष्य तयार झाला तरी विद्येची पेटी न उघडणारा गुरू, आणि नवी पिढी उभी ठाकली तरी कारभार न सोडणारे जुने कार्यकर्ते, हे सर्व सुश्रुताच्या दुसऱ्या वैद्याचे सोबती होत. आपल्या गावातील कित्येक वृद्ध स्त्रियांच्या कंठात ओव्या आहेत, गाणी आहेत, औषधींची नावे आहेत, शेतीचे शब्द आहेत. ते पीक उभे आहे. त्याची कापणी कोणी करीत नाही, आणि दरवर्षी थोडे थोडे ते मातीत गळून जाते. इंग्रजी शब्द विळ्याच्या बाजूने बोलतो असे मी आरंभी म्हटले, ते येथे लागू करावे. पिकणे हे दाण्याचे काम. वेळेवर घेणे हे आपले.

संस्कृतात जीर्ण हा शब्द आहे. झिजलेला, म्हातारा असा त्याचा अर्थ. आणि इंग्रजीत दाण्याला 'ग्रेन' म्हणतात. पुष्कळ भाषाशास्त्रज्ञांच्या मते हे दोन्ही शब्द एकाच आद्य धातूचे असून त्याचा अर्थ वय होणे, परिपक्व होणे असा होता. एकाच शब्दापासून एकीकडे जीर्ण वस्त्र झाले आणि दुसरीकडे पेरणीचा दाणा. वय झाले म्हणजे माणूस जीर्ण होईल किंवा दाणा होईल. भेद इतकाच की दाणा पुढच्या हंगामाला देता येतो.

शेवटी वेदांतील एका फळाची आठवण करून मी आपली रजा घेतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील त्र्यंबकाच्या मंत्राने आपण मृत्यूपासून सुटका मागतो. तेथे ऋषीने दृष्टान्तासाठी उर्वारुक घेतले, काकडीच्या जातीचे वेलीवरचे फळ. ते पिकले की देठ आपोआप सुटतो. वेलीला जखम होत नाही, फळाला झटका बसत नाही. पाड लागलेल्या आंब्याचेही तसेच. ओढून तोडलेल्या फळाच्या देठातून चीक गळतो. पिकलेले फळ वेलीला रडवीत नाही.

आपल्या मठाच्या छायेत लेकरांना तयार होण्यास पुरेसा वेळ मिळो, तयार झालेल्यांना आढीची ऊब मिळो, आणि पिकलेल्यांच्या ओंजळीतील दाणे वेळेवर पुढच्या ओंजळीत पडोत, अशी श्रीचरणी प्रार्थना करतो. चौदा आणे आपल्या प्रयत्नाचे; उरलेले दोन आणे त्याच्या कृपेचे.